छताआडची यंत्रणा: एका वृद्धाश्रमातील हीटिंग-कूलिंग युनिटचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील निफाड-सिन्नर पट्ट्यात थंडी आणि ऊन दोन्ही कडक असतात. डिसेंबर-जानेवारीतील थंडीच्या लाटेत काही वर्षी पहाटेचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार अशा वेळी बागांत शेकोट्या पेटवतात. एप्रिल-मेमध्ये हाच पारा चाळिशी ओलांडतो. या पट्ट्यातील एका विश्वस्त संस्थेच्या वृद्धाश्रमाचे हे प्रकरण आहे. संस्था आणि ठेकेदार यांची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर बारा खाटांचा सुमारे ९०० चौरस फुटांचा हॉल आहे. वर उघडी गच्ची असल्याने स्लॅब उन्हाळ्यात तापतो आणि हिवाळ्यात रात्रभर गारठतो. आधीच्या हिवाळ्यात रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनी खिडक्या लावून घेऊन हॉलमध्ये कोळशाची शेगडी ठेवली होती. सकाळी दोन आजींना डोकेदुखी व उलट्यांचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी तो कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असावा असे सांगितले. दोघी बऱ्या झाल्या, परंतु उबेची कायमची आणि सुरक्षित सोय करायची, हा निर्णय विश्वस्तांनी त्याच आठवड्यात घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंडीत घरातील तापमान किमान १८ अंश असावे आणि वृद्धांसाठी ते याहून अधिक लागू शकते. या हॉलमध्ये पहाटे ते १२-१३ अंशांवर येत असे.

यंत्रणेची निवड

विश्वस्तांपुढे तीन पर्याय आले. पहिला तेल भरलेल्या रेडिएटर हीटरचा आणि उन्हाळ्यासाठी डक्ट कूलरचा. दुसरा भिंतीवर चार ‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट एसी लावण्याचा. तिसरा फॉल्स सीलिंगच्या आत दोन डक्टेबल युनिट (डक्ट म्हणजे हवेच्या नळांतून हवा सोडणारे एसी) दडवून फक्त जाळ्या दिसू देण्याचा. हॉलचे नूतनीकरण एका देणगीदाराच्या पैशातून होत होते आणि छत स्वच्छ, एकसंध दिसावे अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे तिसरा पर्याय निवडला गेला.

तांत्रिकदृष्ट्या ही निवड चुकीची नव्हती. ही यंत्रे हीट पंप प्रकारची होती. असे यंत्र उष्णता तयार करत नाही, ती बाहेरच्या हवेतून खेचून आत आणते. त्यामुळे साधा हीटर एक युनिट विजेत जेवढी ऊब देतो त्याच्या अडीच-तीन पट ऊब हे यंत्र देऊ शकते. बाहेर थंडी वाढेल तसे हे प्रमाण घटते, म्हणजे गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी यंत्राची ताकद कमी होते. पण आपल्याकडच्या थंडीला ते पुरेसे पडते. एका मोठ्या युनिटऐवजी तीन-तीन टनांची दोन घेतल्याने एक बंद पडले तरी दुसरे चालू राहणार होते, हाही विचार योग्यच होता.

दिसण्याची किंमत मात्र कोणी मोजली नाही. भिंतीवरचा एसी बिघडला की तंत्रज्ञ स्टुलावर चढून तो उघडतो. छताआडच्या यंत्राची वायर, ड्रेनचा पाइप, तांब्याच्या नळ्यांचे जोड आणि डक्ट हे सारे जिप्समच्या पाट्या लागल्या की डोळ्यांआड होते. म्हणून अशा कामात पाट्या लावण्याआधीची तपासणी हीच खरी तपासणी असते. येथे काम तिघांत वाटले गेले होते. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडे, यंत्रे एसी ठेकेदाराकडे आणि छत इंटिरिअरवाल्याकडे होते. छत बंद करण्याची परवानगी कोणी द्यायची, हे तिन्ही करारांपैकी एकातही लिहिलेले नव्हते. दिवाळीपूर्वी उद्घाटन व्हायचे असल्याने इंटिरिअरवाल्याने आपले काम वेळेत संपवले. एसी ठेकेदाराने ऑक्टोबरमध्ये दोन्ही यंत्रे एकामागून एक थोडा वेळ चालवून दाखवली आणि विश्वस्तांनी काम स्वीकारले.

समस्या

डिसेंबरमधील पहिल्या थंडीच्या लाटेत तीन तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या.

पहिली तक्रार रहिवाशांची होती. यंत्र ३० अंशांवर ठेवले तरी खाटेवर ऊब जाणवत नाही, पाय गारच राहतात, आणि मध्येच काही मिनिटे थंड हवा अंगावर येते, असे जवळपास सगळेच सांगत होते. दुसरी रात्रपाळीच्या मावशींची. एका पहाटे त्या गच्चीवरून धावत खाली आल्या आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, “साहेब, वरच्या मशिनीतून धूर निघतोय, पाणीपण गळतंय. मी मेन बंद केलाय.” तिसरी तक्रार पहाटे पाचच्या सुमारास एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडण्याची होती.

यांपैकी सर्वांत गंभीर तक्रार तिसरी होती आणि तीच सर्वांत सहज ‘सोडवली’ गेली. स्थानिक इलेक्ट्रिशियनने २५ अँपिअरचा एमसीबी काढून ४० अँपिअरचा बसवला. एमसीबी पडणे थांबले आणि व्यवस्थापकांनी त्याचे आभार मानले. त्यानंतरच्या आठवड्यात दाराजवळच्या खाटेवरील आजोबांना रात्री प्लास्टिक जळल्याचा वास येऊ लागला. पहिल्या दिवशी तो नव्या रंगाचा वास असावा असे मानले गेले. दुसऱ्या रात्री वास वाढल्यावर मात्र मावशींनी पुन्हा मेन बंद केला. हा प्रसंग दुर्घटनेपर्यंत गेला नाही याचे श्रेय त्यांचे आहे. गच्चीवरचा त्यांचा धुराचा अंदाज चुकला होता (कारण पुढे येईल) म्हणून या वेळी त्यांना कोणी हटकले असते, तर प्रकरण वेगळ्या वळणावर गेले असते.

तपासणी

संस्थेने एका स्वतंत्र विद्युत अभियंत्याला बोलावले. दाराजवळच्या जिप्सम पाटीला चौकोन कापून पाहिल्यावर सारा उलगडा झाला. मूळ आराखड्यात, यंत्रे ठरण्याच्याही आधी, छतात दीड टनाच्या एका एसीसाठी २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा एकच पॉइंट काढलेला होता. एसी ठेकेदाराच्या माणसांना तो तयार मिळाला आणि त्यांनी दोन्ही यंत्रांच्या वायरी त्याच पॉइंटला प्लास्टिकच्या कनेक्टर पट्टीत पिळून, वर टेप गुंडाळून जोडल्या. पट्टीचा अर्धा भाग वितळून तपकिरी झाला होता. वायरीचे इन्सुलेशन बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन तडकले होते आणि तिथून जेमतेम वीतभर अंतरावर डक्टचे इन्सुलेशन होते.

पूर्ण भारावर प्रत्येक यंत्र सुमारे १५ अँपिअर घेते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर खोली तापल्यावर मंदावतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते. कडाक्याच्या पहाटे दोन्ही यंत्रे पूर्ण जोराने चालली की त्या एका वायरीतून ३० अँपिअर वाहू लागत. विजेच्या प्रवाहाने होणारे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. एमसीबी यंत्राच्या नव्हे, तर वायरीच्या रक्षणासाठी असतो. जुना एमसीबी नेमके तेच काम करत होता. ४० अँपिअरच्या एमसीबीला ३० अँपिअरमध्ये पडण्याचे काही कारणच उरले नाही.

गच्चीवरच्या ‘धुरा’चे उत्तर निराळे निघाले. उब देताना बाहेरचे युनिट हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे दमट आणि थंड पहाटे त्याच्या कॉइलवर दव गोठून हिमाचा थर बसतो. तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे आपले चक्र उलटे फिरवते. फुस्स असा आवाज होतो, बाहेरचा पंखा थांबतो, कॉइल गरम होऊन वाफ निघते आणि पाणी ओघळते. हीच डीफ्रॉस्टची क्रिया. त्या काळात आत ऊब मिळत नाही. आतला पंखा त्या वेळी थांबायला हवा, परंतु या यंत्रांत तो सतत चालू राहण्याच्या सेटिंगवर ठेवलेला असल्यामुळे रहिवाशांच्या अंगावर गार झोत येत होता. म्हणजे धूर नव्हता आणि गळतीही नव्हती. पण हे आधी कोणी सांगितल्याशिवाय रात्रपाळीच्या माणसाला कळावे तरी कसे?

पाय गार राहण्याचे कारण जाळ्यांच्या जागेत होते. हवा सोडणाऱ्या आणि परत ओढणाऱ्या अशा दोन्ही जाळ्या छतातच होत्या. थंड हवा जड असल्याने आपोआप खाली येते, त्यामुळे उन्हाळ्यात अशी रचना चालून जाते. गरम हवा मात्र छतालगत राहते आणि तिथूनच परत यंत्रात ओढली जाते. अभियंत्याने तापमापक बांबूला बांधून मोजले, तेव्हा छताजवळ २८ अंश आणि खाटेच्या उंचीवर १८ अंश भरले. यंत्राला खोली तापली असे वाटत होते, माणसे मात्र थंडीत होती. सेटिंग ३० पर्यंत चढवण्याचे मूळ यात होते आणि दोन्ही यंत्रे पूर्ण जोराने चालत राहण्याचेही. तिन्ही तक्रारी अशा रीतीने एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

याशिवाय बाहेरच्या युनिटची अर्थिंगची तार रंगवलेल्या लोखंडी स्टँडला स्क्रूने आवळलेली आढळली. रंगाच्या थरावर बसलेले अर्थिंग असून नसल्यासारखेच.

पर्यायांचा विचार

एसी ठेकेदाराचे म्हणणे होते की कनेक्टर बदलावा, वायर जाड टाकावी आणि यंत्रे चालू ठेवावीत. एका दिवसात काम होईल. एका विश्वस्तांना सगळेच काढून भिंतीवर स्प्लिट एसी लावावेत असे वाटत होते. अभियंत्याने ठिकठिकाणी छत उघडून दोन्ही यंत्रांचा वीजपुरवठा नव्याने करण्याची आणि तोवर यंत्रे पूर्ण बंद ठेवण्याची शिफारस केली.

खरी चर्चा शेवटच्या अटीवर झाली. बाहेर थंडीची लाट, हॉलमध्ये ऐंशीच्या पुढची माणसे आणि यंत्रे बंद. एकच यंत्र चालवले तर वायर सोसेल, हा युक्तिवाद आकड्यांत खरा होता. परंतु तीच वायर आठवडाभर तापून निघालेली होती आणि तिचे इन्सुलेशन छतात कुठवर खराब झाले आहे हे दिसत नव्हते. यंत्रे बंदच ठेवली गेली आणि हा निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे. अर्थात तो केवळ ‘बंद करा’ एवढ्यावर थांबला असता तर कोणीतरी पुन्हा शेगडी पेटवली असती. म्हणून हॉलमधील सहा जणांना तळमजल्यावर हलवण्यात आले. उरलेल्यांसाठी दोन रेडिएटर हीटर आणले आणि प्रत्येक हीटर स्वतंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडला. एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही आणि हीटरवर कपडे वाळत घालायचे नाहीत, असे बजावले गेले.

केलेली कार्यवाही

परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मुख्य वितरण पेटीतून प्रत्येक यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीची स्वतंत्र लाइन ओढली गेली. प्रत्येक लाइनला सी-प्रकारचा २५ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. इन्व्हर्टर यंत्रांच्या गळतीच्या प्रवाहात डीसीचा अंश असू शकतो आणि ‘एसी’ नावाच्या साध्या प्रकारचा आरसीसीबी तो नीट ओळखत नाही, म्हणून आरसीसीबी मुद्दाम ए-प्रकारचा घेतला. दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या फेजवर टाकली आणि मंजूर भार वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज केला. गच्चीवर प्रत्येक बाह्य युनिटशेजारी पावसापासून सुरक्षित आयसोलेटर बसवला, जेणेकरून वर काम करणाऱ्याला पुरवठा स्वतःच्या नजरेसमोर तोडता येईल. अर्थिंगची तार थेट यंत्राच्या अर्थ टर्मिनलपासून अर्थ पट्टीपर्यंत अखंड नेली.

छत उघडलेच होते, म्हणून तांब्याच्या नळ्यांचे जोडही तपासले. यंत्रांत आर-३२ हा वायू आहे. तो सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतो. विश्वस्तांना याची बरीच धास्ती होती, कारण हॉलच्या कोपऱ्यात देवघर आहे आणि तिथे समई तेवते. अभियंत्याने हिशेब मांडून दाखवला. एका यंत्रातील सुमारे सव्वादोन किलो वायू सगळाच हॉलमध्ये पसरला, तरी सुमारे २३० घनमीटर हवेत त्याचे प्रमाण पेट घेण्याच्या मर्यादेच्या तिसाव्या भागाइतकेच राहते. हॉलला धोका नगण्य होता. धोका छताच्या बंद पोकळीत आणि दुरुस्तीच्या वेळी होता, म्हणून वायू पूर्ण काढून घेतल्याशिवाय तिथे गॅसची बत्ती पेटवायची नाही, असा लेखी नियम झाला. जोडांची दाबचाचणी कोरड्या नायट्रोजननेच करायची, ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, हेही त्यातच लिहिले. नळ्यांतील तेलाशी दाबाखालच्या ऑक्सिजनचा संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो, आणि वेल्डिंगचे सिलिंडर हाताशी असले की हा मोह कामगारांना होतो.

दोन्ही यंत्रांखाली दोन फूट बाय दोन फुटांची ट्रॅप डोअर (छतातील उघडता येणारी दारे) बसवली. देणगीदारांचे एकसंध छत त्यामुळे गेले. हवा सोडणाऱ्या जाळ्या बदलून झोत खाली वळवता येतील अशा बसवल्या. एका यंत्राची परतीची जाळी भिंतीतून खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणली. दुसऱ्या यंत्राच्या वाटेत आरसीसी बीम आल्याने तिथे हे जमले नाही.

वापराचे नियम

मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेला एक कागद वितरण पेटीशेजारी लावण्यात आला. हिवाळ्यात सेटिंग २२-२३ अंश आणि उन्हाळ्यात २६; दोन्ही ऋतूंत पंखा ऑटोवर; पहाटे काही मिनिटे ऊब थांबणे आणि गच्चीवर वाफ दिसणे हे नेहमीचे आहे, असे त्यात होते. यंत्र रिमोटनेच बंद करावे, एमसीबीने नाही, आणि बंद केल्यावर किमान तीन मिनिटे पुन्हा चालू करू नये. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुऊन सावलीत वाळवावा. एमसीबी किंवा आरसीसीबी पडला तर एकदाच वर करून पाहावा. पुन्हा पडला तर तसाच ठेवून फोन करावा. जळल्याचा वास आला तर कोणालाही न विचारता मेन बंद करावा. हे शेवटचे वाक्य मावशींच्या आग्रहावरून लाल अक्षरांत घेतले गेले.

हवेबद्दलचा नियम स्वतंत्रपणे समजावून सांगावा लागला. छताआडची ही यंत्रे हॉलमधलीच हवा फिरवत राहतात, बाहेरची ताजी हवा आणत नाहीत. कर्मचाऱ्यांनी ऊब टिकावी म्हणून खिडक्यांच्या फटीही कापडाने बंद केल्या होत्या. दोन खिडक्या वरच्या बाजूने चार बोटे उघड्या ठेवायच्या आणि दुपारी अर्धा तास सगळ्या उघडायच्या, असे ठरले.

परिणाम

जानेवारीत खाटेच्या उंचीवर पहाटेचे तापमान २१ अंशांच्या आसपास राहू लागले. बीमजवळच्या यंत्राखालील तीन खाटांवर ते १९-२० पर्यंतच पोहोचते. एमसीबी त्यानंतर पडला नाही.

मार्चमध्ये मात्र यंत्रे पहिल्यांदाच थंडाव्यासाठी चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी एका एलईडी दिव्याच्या कडेने खाटेवर पाणी टपकू लागले. थंडावा देताना पाणी आतल्या कॉइलवर जमते, ऊब देताना बाहेरच्या. त्यामुळे संपूर्ण हिवाळ्यात आतल्या ड्रेनमधून थेंबही वाहिला नव्हता. पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा होता. प्रत्यक्षात दोन आधारांच्या मध्ये तो झोळीसारखा लोंबत होता आणि बीमखाली तर उलटा चढत होता. दिव्याचा पुरवठा तोडून पाइप नवा टाकला, त्यावर इन्सुलेशन चढवले, यंत्राखाली जादा ट्रे ठेवला आणि पाणी चढल्यास यंत्र आपोआप थांबवणारा फ्लोट स्विच बसवला. ट्रॅप डोअर असल्यामुळे या वेळी पाट्या कापाव्या लागल्या नाहीत.

वेगळे काय करता आले असते

ड्रेनची चाचणी डिसेंबरमध्येच होऊ शकली असती. त्यासाठी उन्हाळ्याची गरज नसते. आतल्या ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतून ते ड्रेनच्या बाहेरच्या टोकातून किती वेळात बाहेर पडते हे पाहिले की पुरते. अभियंत्याने ते सुचवले होते. रहिवासी तळमजल्यावर दाटीने राहत असल्याने विश्वस्तांना हॉल लवकर सुरू करायचा होता, म्हणून ते काम पुढे ढकलले गेले. त्या घाईमागचे कारण समजण्याजोगे होते, पण ही चाचणी अर्ध्या तासाची आहे.

त्याआधीचा आणि अधिक महत्त्वाचा टप्पा ऑक्टोबरचा होता. छताच्या पाट्या लावण्यापूर्वी तिन्ही ठेकेदारांच्या सह्यांचा एक कागद मागितला असता, तर एका पॉइंटवर दोन यंत्रे जोडलेली कोणाच्या तरी नजरेस पडलीच असती. चाचणीही दोन्ही यंत्रे एकाच वेळी, दोन्ही मोडमध्ये, तासभर चालवून आणि क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून व्हायला हवी होती. अंतिम बिलातील काही रक्कम दोन्ही ऋतू पार पडेपर्यंत राखून ठेवणे कोणत्याही संस्थेला शक्य असते. येथे उद्घाटनाच्या दिवशीच पूर्ण रक्कम देऊन झाली होती, त्यामुळे मार्चमध्ये ठेकेदाराला बोलावणे ही विनवणी ठरली.

४० अँपिअरच्या एमसीबीबद्दल इलेक्ट्रिशियनला दोष देणे सोपे आहे. त्याला मात्र ‘पडतोय, काहीतरी करा’ एवढेच सांगितले गेले होते. वितरण पेटीवर कोणती लाइन कुठे जाते आणि कोणत्या जाडीच्या वायरीची आहे हे लिहिलेले नव्हते. आता प्रत्येक एमसीबीखाली ती पट्टी लावलेली आहे आणि एमसीबीची क्षमता बदलण्यासाठी अभियंत्याची लेखी परवानगी लागते.

तळमजल्यावरील खोल्यांसाठी संस्थेने यंदा निविदा मागवली आहे. तिथे भिंतीवरचे स्प्लिट एसी घेतले जात आहेत. छताआडच्या दोन यंत्रांच्या वार्षिक देखभाल करारात फॉल्स सीलिंग उघडण्या-बंद करण्याचा खर्च धरावा यासाठी ठेकेदाराशी बोलणी सुरू आहेत आणि बीमजवळच्या परतीच्या डक्टसाठी स्ट्रक्चरल अभियंत्याचे मत मागवलेले आहे.